मागच्या दाराने पाहिलेली हॉटेलं

देल्फीना ग्रिझेरी एकोणीस वर्षं दर ऑगस्टमध्ये समुद्रावर सुट्टीला गेली, आणि एकोणीसही वर्षं तिने तिथे रोज दोन्ही वेळचा स्वयंपाक केला. तिचं कुटुंब आणि दिराचं कुटुंब मिळून नऊ माणसं, भाड्याच्या दोन खोल्या, गॅसची एकच शेगडी नीट पेटणारी. चेवाहून, म्हणजे आमच्या डोंगरातल्या गावाहून, निघताना गाडीच्या टपावर छत्री आणि घडीच्या खुर्च्या बांधायच्या आणि मागे हिची पातेली, चाळण्या, लाटणं. सकाळी सगळे किनाऱ्यावर जायचे. ही मासे साफ करायची, टोमॅटो शिजवायची, नऊ जणांची ताटं घासायची. संध्याकाळी पाच वाजता ती पाण्यात पाय बुडवायची तेव्हा बाकीच्यांची अंगं भाजून लाल झालेली असायची, आणि कोणीतरी हमखास विचारायचं, "रात्री काय आहे?"

हे ती रडगाणं म्हणून सांगायची नाही. आमच्याकडे सगळ्याच बायकांची सुट्टी अशी असायची, माझ्या आईचीही. देल्फीना फक्त एवढंच म्हणायची की समुद्राचा वास कसा असतो ते मला नक्की सांगता येणार नाही, माझ्या नाकात कायम कांदा असायचा.

मी पिएरा. चेवाच्या प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात चौदा वर्षं मी तिच्या हाताखाली काम केलं. मी लागले तेव्हा तिला तिथे वीस वर्षं झाली होती. बुटकी, रुंद, केस नेहमी पांढऱ्या टोपीत, आणि आवाज असा की धुण्याच्या यंत्राच्या घरघरीतूनही बरोबर ऐकू यायचा. एकशे ऐंशी पोरं जेवायची. कोणाला गाजर चालत नाही, कोण वाटाणे खिशात भरून नेतं, सगळं तिला पाठ. एकदा दुसरीतल्या एका मुलीने आठवडाभर जेवण टाकलं. बाईंनी समजावलं, मुख्याध्यापकांनी चिठ्ठी पाठवली. देल्फीनाने काही विचारलं नाही. तिने त्या मुलीला दुपारी स्वयंपाकघरात बोलावलं, स्टुलावर बसवलं आणि म्हणाली, "मला शेंगा सोलायला माणूस हवाय." तिसऱ्या दिवशी ती मुलगी शेंगा सोलता सोलता भाताची वाटी संपवून गेली. मुलीची आई इस्पितळात होती हे आम्हाला नंतर कळलं. देल्फीनाला आधी माहीत होतं की नाही, मी आजवर विचारलेलं नाही.

तिच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी, मार्चमध्ये, पास्त्याचं मोठं भांडं उतरवताना तिचा डावा खांदा निखळल्यासारखा झाला. डॉक्टरांनी तपासलं, सुई दिली आणि म्हणाले, जूनमध्ये निवृत्त होताय ते बरंच आहे, पण त्यानंतर खरी विश्रांती घ्या. स्वयंपाकघरापासून लांब.

त्या दिवशी मी तिला घरी सोडायला गेले होते. चेलेस्तीनो, तिचा नवरा, टेबलाशी वर्तमानपत्र घेऊन बसला होता. तीस वर्षं त्याने दुधाचा टँकर चालवला. उंच, हाडकुळा, तोंडाने फटकळ. डॉक्टर काय म्हणाले ते तिने सांगितलं.

"मग बस की घरी," तो म्हणाला. "त्याला हॉटेल कशाला हवं?"

हॉटेलाचं नाव अजून कोणी काढलं नव्हतं. पण तिच्या डोक्यात काय चाललंय हे त्याला ठाऊक होतं म्हणायचं.

"मी घरी बसले की तू विचारतोस, जेवायला काय आहे."

"नको विचारू?"

"विचार ना. पण सात दिवस दुसऱ्या कोणाला तरी विचार."

"विश्रांतीच हवी तर खोली भाड्याने घेतली तरी चालते."

"खोली घेतली की तिच्यात शेगडी असते," देल्फीना म्हणाली. "मला शेगडी नसलेली खोली हवी आहे. आणि चांगल्यातलं हॉटेल हवं आहे, चेलेस्तीनो. पांढरं कडक टेबलक्लॉथ असलेलं. खिडकीतून समुद्र दिसणारं. माझे निवृत्तीचे पैसे येणार आहेत ते मी छपराच्या दुरुस्तीत घालणार नाही."

"तिथले लोक मला हमाल समजून सांगतील, हे सामान वरच्या खोलीत पोचव."

"तर मग पोचवून ये, आणि बक्षिसी घे."

तो हसला नाही. वर्तमानपत्र उचलून आतल्या खोलीत गेला. मला वाटलं, कंजूष माणूस. गावात तसं बोललंच जायचं. गेली दोन वर्षं तो बारमध्ये पत्ते खेळायला यायचा बंद झाला होता. मशरूमच्या जत्रेतलं सामूहिक जेवण चुकवायचा. माझ्या मुलीच्या लग्नात चर्चमध्ये आला आणि जेवणाच्या वेळी पोट बिघडल्याचं सांगून निघून गेला. निवृत्त झाल्यावर माणसाला शिष्टपणा चढतो, असं बारवाला म्हणायचा.

तूरिनला असणारी मुलगी लोरेदाना मात्र खूश झाली. तिने फोनवर तीन हॉटेलांची यादी पाठवली, फोटो पाठवले, लोकांचे अभिप्राय पाठवले. पुढच्या रविवारी ती आली तेव्हा मीही तिथे होते.

"आई, पहिलं घे डोळे मिटून. नऊशे लोकांनी लिहिलंय, नऊशे."

देल्फीना चष्मा लावून एकेक फोटो बघत होती. तलाव, संगमरवर, पांढऱ्या गाद्या, लांबच लांब जेवणघर.

"यात माणूस कुठे आहे?"

"कुठला माणूस?"

"कुठलाही. एवढं मोठं जेवणघर आणि एकही जण जेवत नाहीये."

"फोटो असेच काढतात गं."

"काढू देत. उकळी बघितल्याशिवाय मी पास्ता टाकत नाही. जाऊन बघते."

"आई, हॉटेल बघायला कोणी जात नाही. हॉटेलात राहायला जातात."

"लग्नाआधी तू त्या मुलाबरोबर तीन वर्षं फिरलीस. मी बोलले काही?"

लोरेदानाने माझ्याकडे बघितलं. मी भांड्यातली बिस्किटं मोजत बसले.

तर एप्रिलमधल्या एका शनिवारी आम्ही दोघी सकाळच्या गाडीने निघालो. चेवा ते सावोना तास लागत नाही, मग तिथून किनाऱ्याची गाडी. डोंगरातून गाडी खाली उतरली की आमच्याकडचं धुकं मागे राहतं आणि लिंबाची झाडं सुरू होतात. देल्फीनाने चर्चला जायचा निळा कोट घातला होता. पर्समध्ये दोन सफरचंदं आणि चीजचा तुकडा. "हॉटेलात जातोय आणि डबा घेतलास?" मी म्हटलं. ती म्हणाली, "जेवायला नाही जात, बघायला जातोय."

पहिलं हॉटेल शुभ्र होतं, पाण्याला लागूनच. आम्ही गच्चीवरच्या बारमध्ये बसून कॉफी मागवली. खरं सांगते, मला ते फार आवडलं. कॉफीबरोबर छोटी बदामाची बिस्किटं आली. वेटरच्या शर्टाला एक सुरकुती नव्हती. समुद्र असा समोर की कपात पडेल.

शेजारच्या टेबलावर एक म्हातारं जोडपं होतं. म्हाताऱ्याचा हात लागून पाण्याचा ग्लास उलटला. वेटर लगेच आला, तोंडभर हसला, "काही हरकत नाही सर" म्हणाला, दुसऱ्या दोघांना हाक मारली. तिघांनी मिळून सगळं टेबल रिकामं केलं, कापड बदललं, पुन्हा मांडलं. सगळी गच्ची बघत होती. मग वेटर त्या म्हाताऱ्याच्या डोक्यावरून वाकून त्याच्या बायकोला म्हणाला, "मॅडम, यांच्यासाठी एक मोठा नॅपकिन बांधायला आणू का?"

म्हाताऱ्याने हात टेबलाखाली घेतले.

देल्फीनाने कप खाली ठेवला. "चल."

"अगं, कॉफी अर्धी आहे. चांगली नाही का?"

"कॉफी चांगली आहे," ती म्हणाली आणि उठली.

गाडीत मी दोनदा विचारलं, काय खटकलं? टेबल तर त्यांनी किती झटपट आवरलं. ती सफरचंद कापत राहिली. "जागा फार उजेडाची आहे," एवढंच म्हणाली.

दुसरं हॉटेल टेकडीवर, खाली खडक. तिथे आम्ही दारातच अडलो. दरवान तरुण होता, टोपीवर सोनेरी पट्टी. त्याने देल्फीनाच्या कोटाकडे बघितलं, तिच्या हातांकडे बघितलं. चौतीस वर्षं गरम पाण्यात राहिलेले हात लपत नाहीत.

"कामासाठी आला असाल तर मागच्या बाजूने," तो म्हणाला. उर्मटपणे नाही म्हणाला, सवयीने म्हणाला.

माझे कान तापले. मी तोंड उघडणार तेवढ्यात देल्फीना म्हणाली, "मागची बाजू कुठून?"

"या पायऱ्या उतरून डावीकडे."

"थँक यू," म्हणून ती खरोखर पायऱ्या उतरायला लागली. मी मागून कुजबुजले, "अगं, असं कसं ऐकून घेतेस? आपण पाहुण्या आहोत."

"पुढच्या दाराला सगळेच पितळ घासून ठेवतात. बरं झालं त्याने सांगितलं, मला सुचलंच नसतं."

मागे भाजीच्या पेट्यांचा ढीग होता आणि दुपारच्या आधीची वेळ होती. स्वयंपाकघरातली पाच-सहा माणसं पेट्यांना टेकून उभ्याने जेवत होती, प्लॅस्टिकच्या डब्यातून. एक मुलगी डबा हनुवटीला लावून भराभर चमचे मारत होती. देल्फीनाने तिला विचारलं, "बसायला जागा नाही?"

"वेळ नाही," मुलगी म्हणाली. "सात मिनिटं मिळतात. तुम्ही नवीन का?"

"नाही पोरी. जुनी."

आम्ही स्टेशनाकडे परत निघालो. वाटेत ती म्हणाली, "ज्याला स्वतःला उभ्याने गिळावं लागतं, तो दुसऱ्याला शांतपणे काय वाढणार? त्याचं लक्ष घड्याळाकडेच जाणार. त्यात त्या पोरीचा काय दोष."

तिसरं हॉटेल बघायला आम्ही मेच्या सुरुवातीला गेलो. लोरेदानाच्या यादीत ते शेवटी होतं. 'सुंदर, पण जुन्या वळणाचं,' असं कोणीतरी लिहिलं होतं. पिवळी, तीन मजली इमारत, हिरव्या झडपा, पुढे बाग आणि बागेला लागून वाळू. या वेळी देल्फीना पुढच्या दाराकडे फिरकलीच नाही. थेट वळसा घालून मागे गेली. मी पाठोपाठ, मनात म्हणत होते की आज पोलिसांनाच बोलावतील.

मागचं दार उघडं होतं. आत लांब टेबल, त्यावर रंगीत मेणकापड, आणि बारा-तेरा माणसं बसून जेवत होती. खोल्या साफ करणाऱ्या बायका, माळी, वेटर, सगळे एकत्र. भाज्यांचं घट्ट सूप, वर तुळशीची हिरवी चटणी. टेबलाच्या टोकाला साठीची एक बाई, बाह्या वर केलेल्या. ती मुख्य स्वयंपाकीण, ओत्ताविया, हे नंतर कळलं.

"कोण पाहिजे?" ओत्तावियाने विचारलं.

मला वाटलं देल्फीना काहीतरी सबब सांगेल. तिने खरं सांगून टाकलं. "मी वर चेवाला शाळेत स्वयंपाक करते. सप्टेंबरमध्ये सात दिवस इथे राहावं म्हणते, नवऱ्याबरोबर. त्याआधी तुम्ही कसे जेवता ते बघायला आले."

माळ्याने चमचा हवेतच धरला होता. मग ओत्ताविया म्हणाली, "दोन खुर्च्या आणा."

आम्ही बसलो. वाडगे आले. देल्फीनाने दोन चमचे खाल्ले, तिसरा तोंडात घोळवला.

"काय?" ओत्ताविया म्हणाली. "बोला."

"बटाटा आणखी थोडा कुस्करला असता तर दाटपणा पिठाशिवाय आला असता."

"पीठ घातलंय हे कसं कळलं?"

"मी पण घालते. एकशे ऐंशी जणांना नुसत्या बटाट्यावर कोण भागवणार?"

एक वेटर खो खो हसला आणि ओत्तावियाने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने वाडग्यात तोंड घातलं. पण तीही हसत होती. मग दोघींचं जे सुरू झालं ते अर्धा तास चाललं. डाळी कधी भिजवायच्या, मोठ्या भांड्याला तळाशी लागू नये म्हणून काय करायचं, नगरपालिका कसलं तेल पाठवते. मी दुसऱ्यांदा सूप घेतलं.

जेवणं उरकून माणसं उठायला लागली तेव्हा देल्फीनाने विचारलं, जेवणघर कोण बघतं? टेबलाच्या मधोमध बसलेल्या, पांढऱ्या मिशीच्या माणसाने हात वर केला. आमेदेओ त्याचं नाव. ती त्याच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली आणि आवाज खाली केला. पण तिचा खालचा आवाजही मला चौदा वर्षांच्या सवयीने ऐकू येतो.

"माझ्या नवऱ्याचा हात थरथरतो," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणतात जिवाला धोका नाही, पण हे राहणार. तो घराबाहेर जेवत नाही. पत्त्यांना जात नाही, कारण तिथे ग्लास उचलावा लागतो. कोणाला सांगू देत नाही."

मी मेणकापडावरच्या लिंबांच्या चित्राकडे बघत राहिले. माझ्या मुलीच्या लग्नातलं ते बिघडलेलं पोट. बारवाल्याचं बोलणं, आणि मी त्यावर मान डोलावलेली. पहिल्या हॉटेलातला तो म्हातारा.

आमेदेओने चुक् चुक् केलं नाही. चेहराही पाडला नाही. "कुठला हात?" त्याने विचारलं.

"उजवा."

"मग खिडकीजवळचं कोपऱ्यातलं टेबल देतो. भिंत त्यांच्या उजवीकडे येईल, डावीकडे तुम्ही. सूप दोन कानांच्या कपात देतो, ते आम्ही इतरांनाही देतो, काही वेगळं दिसत नाही. ग्लास जाड बुडाचा, अर्धाच भरायचा, मी पुन्हा पुन्हा भरत जाईन. मासा काटे काढूनच येईल."

"आणि सांडलं तर?"

"बाई, इथे रोज सांडतं. माझ्या हातूनही सांडतं." आमेदेओ म्हणाला. "सांडलं तर मी एक कोरडा नॅपकिन वरून ठेवीन आणि हवेबद्दल बोलेन. कापड ते उठून गेल्यावर बदलायचं."

देल्फीनाने त्याच दिवशी, पुढच्या दाराने जाऊन, सप्टेंबरचे सात दिवस नोंदवले.

परतीच्या गाडीत मी तिला म्हटलं, "मला सांगायचं होतंस."

"त्याचं होतं ते. मी कसं सांगणार?" ती खिडकीबाहेर बघत होती. "आता ऐकलंस ते ऐकलंस. त्याच्यासमोर मात्र शिष्टच म्हण त्याला. नाहीतर त्याला संशय येईल."

घरी मात्र रणधुमाळी झाली. ती हकीकत मला देल्फीनाने दुसऱ्या दिवशी भाज्या चिरताना सांगितली.

चेलेस्तीनो म्हणाला होता, "मी येणार नाही. पिएराला ने."

"पिएराला तिचा नवरा आहे. मी जाणार. तुला यायचं तर ये. पण फ्रिजमध्ये मी काही करून ठेवणार नाही, हे आत्ताच सांगते."

"सात दिवस उपाशी मारशील?"

"अंडं उकडायला काय लागतं? पाणी."

तेव्हा त्याने उठून उजवा हात तिच्यापुढे धरला, थरथरता. "याचं काय करू? लोकांसमोर शर्टावर सूप सांडू?"

"दोन वर्षं सांडतोयस," ती म्हणाली. "मी धुतेय ना? सात दिवस तिथल्या कोणालातरी धुऊ दे. मला विश्रांती सांगितली आहे."

त्यावर तो रागावणार असं तिला वाटलं. पण त्याच्या तोंडून हसूच फुटलं, नाइलाजाचं, नाकातून. "मारिया लग्नात म्हणालीच होती, ही बाई तुला पुरून उरेल," तो म्हणाला. मारिया त्याची बहीण. एवढ्यावर होकार धरून देल्फीनाने त्याचा एकुलता एक कोट उन्हात टाकला.

जूनमध्ये ती निवृत्त झाली. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी त्यांना स्टेशनवर सोडलं. एकच सूटकेस. मी तिची पर्स उघडून बघितली, आत लाटणं वगैरे नाही याची खात्री करायला. सफरचंदं होतीच.

पुढचं त्या दोघांनी मिळून सांगितलं, एकमेकांचं बोलणं तोडत.

पहिल्या दिवशी देल्फीनाने सकाळी उठून पलंग आवरला, न्हाणीघर पुसलं, टॉवेल घडी करून ठेवले. खोली साफ करायला आलेली बाई दारातच थबकली. "मॅडम, तुम्ही असं केलंत तर खालच्या लोकांना वाटेल मी काम सोडून बसते. निदान चादर तरी विस्कटा." दुसऱ्या दिवशी ती मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरली, सहज, वाटाणे सोलू का विचारायला. ओत्तावियाने हातातल्या डावाने दार दाखवलं.

"पाहुण्यांनी इथे यायचं नाही."

"मेमध्ये तर खुर्ची दिलीत."

"मेमध्ये तुम्ही पाहुण्या नव्हता. जा. समुद्र तिकडे आहे."

तेव्हा ती गेली. वाळूवर आरामखुर्चीत बसली, हातांचं काय करावं कळेना म्हणून ते पोटावर ठेवले. आणि तशीच झोपली. जागी झाली तेव्हा ऊन पायांवरून गुडघ्यांवर आलं होतं आणि तिला पोटात काहीतरी विचित्र वाटत होतं. आधी वाटलं दुखतंय. मग लक्षात आलं की भूक लागली आहे.

"खरं सांगते पिएरा," ती म्हणाली, "मी कधी भुकेल्या पोटी टेबलाशी बसलेच नव्हते. सकाळपासून वास घ्यायचे, चव बघायची, वाढेपर्यंत भूक मरून जायची. त्या दिवशी मी शाळेतल्या पोरासारखी पळत जेवायला गेले. आणि समुद्राला वास असतो. ओल्या दोरखंडासारखा."

चेलेस्तीनोचं निराळंच. पहिल्या संध्याकाळी तो कोट घालून, ताठ, फाशीला चालल्यासारखा जेवणघरात गेला. कोपऱ्यातलं टेबल, उजवीकडे भिंत. सूप दोन कानांच्या कपात आलं. त्याने आजूबाजूला बघितलं. शेजारच्या जर्मन कुटुंबाकडेही तसेच कप होते. तो दोन्ही हातांनी कप धरून प्यायला. ग्लास अर्धा भरलेला. आमेदेओ येऊन पुन्हा भरून गेला, पुन्हा अर्धाच.

"वाइन देताना हात आखडता घेतात," चेलेस्तीनो बायकोला म्हणाला.

"चांगल्या हॉटेलात असंच असतं," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी सांडलंच. टोमॅटोचा रस, पांढऱ्या शुभ्र कापडावर, हाताएवढा डाग. चेलेस्तीनो म्हणतो की त्या क्षणी त्याला उठून चेवापर्यंत चालत जावंसं वाटलं. आमेदेओ आला, डागावर कोरडा नॅपकिन पसरला आणि म्हणाला, "उद्या वारा दक्षिणेकडून येणार. पोहायचं असेल तर सकाळीच आटपा." मग टँकरचा विषय निघाला कसा कोणास ठाऊक. आमेदेओचा भाऊही ट्रक चालवायचा, त्याच डोंगररस्त्यावर, बर्फात आठ गाड्या अडकल्या होत्या त्याच हिवाळ्यात. दोघं पंधरा मिनिटं बोलले. देल्फीनाने तेवढ्यात स्वतःची मिठाई संपवून नवऱ्याची पण संपवली.

"तू त्याला सांगून ठेवलं होतंस ना?" त्या दिवशी खोलीत त्याने विचारलं.

ती खोटं बोलली नाही. "हो. मेमध्ये."

तो खिडकीशी उभा राहिला, पाठमोरा. तिला वाटलं, आता झालं. मग तो म्हणाला, "तीन हॉटेलं तू यासाठी पालथी घातलीस?"

"मुख्यतः सूपासाठी," ती म्हणाली.

उरलेले चार दिवस ते फारसं काही न करता राहिले. त्याने तिला पाण्यात नेलं, कमरेपर्यंत. पन्नाशीनंतर ती तेवढ्या खोल गेली नव्हती. पाण्यात हात थरथरला तरी कोणाला दिसत नाही, हे त्यालाच आधी सुचलं आणि त्यानेच तिला सांगितलं. घराबाहेर तो विषय त्याने पहिल्यांदा स्वतःहून काढला.

चेवाला परतल्यावर दोन-तीन आठवडे तसेच गेले. मग ऑक्टोबरात एका दुपारी मी बारमध्ये कॉफी पीत होते आणि चेलेस्तीनो आत आला. पत्त्यांच्या टेबलाशी गेला, खुर्ची ओढली. बारवाल्याला म्हणाला, "जाड बुडाचा ग्लास दे, आणि अर्धाच भर. माझा हात हलतो."

टेबलावरच्या तिघांनी एकमेकांकडे बघितलं. त्यातला सगळ्यात म्हातारा, ज्याला ऐकू कमी येतं, तो म्हणाला, "काय हलतं?"

"हात," चेलेस्तीनो ओरडून म्हणाला.

"मग पत्ते नीट लपव. मागच्या खेपेला सगळे दिसत होते."

आणि त्याने पत्ते वाटले.

देल्फीनाचा खांदा आता बरा आहे, पुरता नाही. गुरुवारी ती माझ्याकडे येते. शाळेचं स्वयंपाकघर आता मी बघते, आणि ती स्टुलावर बसून माझ्या चुका काढते. रविवारचं जेवण ते दोघं कधीकधी बाहेर घेतात, खालच्या चौकातल्या खानावळीत. या सप्टेंबरात पुन्हा समुद्रावर चालले आहेत, दहा दिवस. हॉटेलला फोन या वेळी चेलेस्तीनोने केला. आणि परवा मी त्याला कपड्यांच्या दुकानात पाहिलं, पोहायची चड्डी घेताना. दुकानदार काळी दाखवत होता. हा म्हणत होता, लाल नाही का?